थाळी पालथी करा

प्रश्न: सासूबाईंच्या मुंबईच्या माहेराहून आलेली निळ्या नक्षीची मोठी थाळी आहे. तळाला सहा चिनी अक्षरं आहेत. एक जुन्या वस्तूंचा व्यापारी ‘मिंग काळातली’, म्हणजे चीनच्या १३६८ ते १६४४ मधल्या राजवटीतली, म्हणतो. ती चीनचीच कशावरून? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, त्या अक्षरांवर मुळीच विसंबू नका. अशा अक्षरांत बहुधा सम्राटाचं नाव असतं; पण जुन्या सम्राटांची नावं नव्या भांड्यांवर घालणं ही चिनी कारागिरांची जुनीच रीत. कांगशी सम्राट १७२२ मध्ये वारला, तरी त्याचं नाव एकोणिसाव्या शतकातल्या भांड्यांवर सर्रास दिसतं.

थाळी पालथी करून भिंगानं बघा. बुडाच्या कड्यावर झिलई पुसलेली, माती उघडी आणि कुठे वाळूचे कण चिकटलेले असतील, तर चीनकडे, बहुधा तिथल्या जिंगदेजन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावाकडे, बोट दाखवता येतं. कड्याच्या आत झिलईवर बारीक टोचल्यासारखे तीन-चार डाग असतील, तर जपानचा संशय घ्या. भट्टीत जड थाळ्यांना तिथे खालून टेकू देत, त्यांचेच हे डाग. आणि नक्षी काठाशी जोड दिल्यासारखी मध्येच तुटत असेल, निळ्या रेघा ठिपक्याठिपक्यांच्या असतील, तर तो इंग्लंडचा छापील माल! आपल्याकडच्या जुन्या घरांतून तोच जास्त निघतो.

देशाचं नाव इंग्रजीत नाही म्हणून थाळी १८९१च्या आधीची, असंही काहीजण सांगतील. १८९१पासून देशाचं नाव इंग्रजीत घालायचा तो नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालाला होता, मुंबईला उतरणाऱ्या नव्हे.

तळाचा फोटो उन्हात, तिरप्या प्रकाशात काढून पाठवा. तोवर चिंचेनं घासू नका, विकूही नका.