लॅबमधून रिटायर झालेल्या माकडांचं पुढे काय होतं?

प्रश्न : मुलाकडे ह्यूस्टनला आलेय. शेजारच्या लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्टजवळ म्हणे प्रयोगशाळेतून रिटायर झालेल्या माकडांचा आश्रम आहे, नातू रोज मागे लागतो, आजी जाऊया जाऊया. खरंच असं काही असतं का? आणि माकडाला कसली रिटायरमेंट?
– एक आजी, मूळच्या सांगलीच्या

उत्तर : आहे आजी, खरंच आहे. किथव्हिलला, चिंप हेवन नावाचं, पाइनच्या झाडीत 200 एकरांवर. फक्त नातवाला आधीच सांगून ठेवा की ती माकडं नाहीत, चिंपांझी आहेत, शेपूट शोधत बसेल नाहीतर. आणि ते प्राणिसंग्रहालय नाहीये, वर्षातल्या ठरावीक दिवशीच लोकांना आत घेतात, तेव्हा तारीख बघूनच गाडी काढा.

रिटायरमेंट कसली, तर अमेरिकेत कित्येक वर्षं हिपॅटायटिसचे प्रयोग चिंपांझींवर झाले, मग एड्स आला तेव्हा हाच प्राणी उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम पैदास वाढवली आणि झालं काय, तर एचआयव्ही टोचला तरी त्यातले बहुतेक आजारीच पडेनात! आता हे शेकड्यांनी पिंजऱ्यात बसलेले, काम नाही, आणि आयुष्य 40-50 वर्षांचं. शेवटी 2000 साली कायदा झाला की नको झाले म्हणून मारायचं नाही, मरेपर्यंत सांभाळायचं. खर्चात रुपयातले बारा आणे सरकारचे, चार आणे संस्थेने देणग्यांतून उभे करायचे. 2005 मध्ये पहिले चिंपांझी तिथे आले आणि 2015 मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने उरलेले सगळेच रिटायर करायचं ठरवलं.

मला यातलं सगळ्यात लागतं ते गवताचं. आयुष्य सिमेंटवर आणि जाळीवर गेलेलं, त्यामुळे दार उघडलं तरी काही जण कडेलाच बसून राहतात, एक हात पुढे करून गवताला लावतात आणि चटका बसल्यासारखा मागे घेतात. काहींना तर आत जायला कित्येक दिवस लागतात. पोहता येत नाही म्हणून झाडीच्या भागाभोवती पाण्याचा खंदक असतो. नरांची नसबंदी केलेली असते, नाहीतर आश्रमाचं पाळणाघर व्हायचं.

प्रश्न : एवढा खर्च करण्यापेक्षा सरळ जंगलात का नाही सोडत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण काय खायचं, कुणापासून पळायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही, शिवाय अंगात लॅबमधला आजार असेल तर तो रानात जाणार. लायबेरियात बघा, न्यूयॉर्कच्या एका रक्तसंस्थेने प्रयोग संपल्यावर साठ-पासष्ट चिंपांझी नदीतल्या बेटांवर ठेवले. बेटावर पोट भरण्याइतकं काही नाही, रोज होडीने फळं न्यायची. 2015 मध्ये संस्थेने पैसे बंद केले, तरी तिथली सांभाळणारी माणसं होडी घेऊन जातच राहिली. बरीच बोंबाबोंब झाल्यावर 2017 मध्ये संस्थेने 60 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

प्रश्न : कोव्हॅक्सिनच्या वेळी आमच्या भागातून माकडं नेली होती. ती परत आली का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही हो. लॉकडाऊनमध्ये वस्तीत खायला मिळेना म्हणून माकडं रानात आत गेली होती, पुण्याच्या विषाणू संस्थेच्या लोकांना शोधून शोधून शेवटी तुमच्या नागपूरकडे सापडली. लाल तोंडाची 20 माकडं, पाच-पाचचे चार गट, तीन गटांना लस, एकाला नुसतं पाणी म्हणा ना, आणि मग सगळ्यांना कोरोनाचा विषाणू. सातव्या दिवशी फुप्फुसं तपासली, आणि ती तपासणी माकड जिवंत ठेवून होत नाही. लस मीही घेतलीये, त्यामुळे फार शहाणपणा शिकवायला माझ्याकडे तोंड नाही.

बाकी चिंपांझींसारखा कायदा लाल तोंडाच्या माकडांसाठी अमेरिकेतही नाही, काही खासगी आश्रम आहेत तेवढेच. त्यात या माकडांच्या अंगात हर्पीस बी नावाचा विषाणू असू शकतो, माकडाला त्याचं फारसं काही नाही पण माणसाला जिवावर बेततो, त्यामुळे सांभाळणारा हातमोजे-मास्क घालूनच. आपल्याकडे प्राण्यांच्या प्रयोगांच्या नियमात पुनर्वसन हा शब्द आहे, प्रयोग करणाऱ्यानेच त्याचा खर्च धरायचा. आता माकड जगतं 25-30 वर्षं, आणि प्रोजेक्टची ग्रँट असते तीन-पाच वर्षांची.