जुन्या ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये जिप्सीचं इंजिन बसवावं का?

तुमची स्पिटफायर, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६७ची, मार्क ३ मॉडेल. इंजिन जाम आहे आणि म्हापशात मारुती जिप्सीचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन स्वस्तात मिळतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी हाच उद्योग वडिलांच्या स्टँडर्ड हेराल्डवर (ट्रायम्फ हेराल्डची भारतात बनलेली आवृत्ती) केलाय. स्पिटफायर हेराल्डचीच धाकटी बहीण, म्हणून लिहितो.

इंजिन बसतं. जिप्सीचं इंजिन गाडीच्या लांबीत उभं असतं, गिअरबॉक्स त्याच्यासोबतच घ्यायचा. चारही चाकांना ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस वेगळी असते, ती सोडून द्यायची. माऊंट नवे बनवावे लागतात, इंजिनखालचं ऑइलचं चेंबर चेसिसच्या आडव्या क्रॉसमेंबरला आपटतं का ते आधी बघा, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्या. माझा मेकॅनिक पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "पात्रांव, इंजिन बसतलें, पूण बाकीचें कोण बसयतलो?"

बाकीच्यातच माझे आठ महिने गेले. सगळ्यात छळलं पेट्रोलने. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं, त्यामुळे टाकीत ते एका बाजूला गेलं तरी गाडी चालत राहते. इंजेक्शनला ती वाटी नाही. जुन्या टाकीत आतले पडदे नाहीत. टाकी पाव भरलेली, चोर्ला घाटाचं वळण, पंपाने हवा ओढली आणि इंजिन गप्प! मागून कदंबा बस. शेवटी डिकीत छोटी सर्ज टाकी (पंपासाठी कायम भरलेली राहणारी जोडटाकी) बसवली, तेव्हा कुठे सुटलो. (घाटात पाणी उकळायचं ते वेगळंच. त्याला मोठा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक फॅन.) वायरिंग जिप्सीचं पूर्ण घ्या, तुकडे जोडू नका. पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येक जोड हिरवा पडतो.

आता खरं सांगतो, तुमच्या जागी मी हे करणार नाही. तुमचं मूळ इंजिन १२९६ सीसी, ७५ अश्वशक्तीचं. जिप्सीचं १२९८ सीसी, ८०. पाच घोड्यांसाठी एवढा खटाटोप? हेराल्डची गोष्ट वेगळी होती, तिच्यात मुळात दमच नव्हता. शिवाय मागचा स्विंग अ‍ॅक्सल (चाकासकट वरखाली झुलणारा) वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडला की चाक आत दुमडतो, त्याला जास्त ताकद देण्यात अर्थ नाही.

आणि कागद. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. बदल करायचा तर आरटीओची परवानगी आधी घ्या.

स्पिटफायरचे पिस्टन, बेअरिंग, गास्केट इंग्लंडमध्ये आजही नवे मिळतात. आधी हेड उतरवून बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, बघा. बरेचदा नुसत्या पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असतात. सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल घालून आठवडाभर ठेवा, मग चौथा गिअर टाकून गाडी हळूच पुढेमागे ढकला.