वर्षाचे भाडे आगाऊ भरले, पण डॉकेट नंबर कुठे आहे?

साताऱ्याच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या घरच्या लँडलाइन-ब्रॉडबँडचे वर्षाचे भाडे त्यांनी गेल्या जूनमध्ये आगाऊ भरले. महिना 499 रुपये अधिक जीएसटी, आणि अकरा महिन्यांच्या पैशांत बारा महिने. ऑगस्टअखेर रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. लाइनमनला चार-पाच फोन केले. तो एकदा आला, ‘वरून केबल यायची आहे’ म्हणाला आणि गेला. जानेवारीच्या सुरुवातीला ईमेलने पैसे परत मागितले, तेव्हा उत्तर आले: ‘वार्षिक योजनेत परतावा नाही. शिवाय आपल्या बिघाडाची नोंद आढळत नाही.’ पैसे मिळतील का, आणि यंदा पुन्हा वर्षाचे भरावे का?

कंपनीच्या उत्तरातले पहिले वाक्य तुम्ही लाल शाईने अधोरेखित करून पाठवले आहे. घात दुसऱ्या वाक्याने केला आहे. ‘परतावा नाही’ ही अट तुम्ही मनाने योजना सोडलीत तर लागू होईल. सेवाच दिली नाही आणि भाडे ठेवून घेतले, तर ती ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सेवेतील त्रुटी ठरते, तिथे ही अट फारशी टिकू नये. पण लाइन कधीपासून बंद होती हे सिद्ध कोण करणार? लाइनमनला केलेला फोन म्हणजे तक्रार नव्हे. हेल्पलाइनवर नोंद झाली की एसएमएसने डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) येतो, आणि बिघाडाचे दिवस तिथून मोजले जातात. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या 2009 च्या नियमावलीत लँडलाइनचा बिघाड तीन दिवसांवर गेला तर सात दिवसांचे, सात दिवसांवर गेला तर पंधरा दिवसांचे आणि पंधरा दिवसांवर गेला तर महिन्याचे भाडे माफ व्हायचे. 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नियमावलीनेही तीन दिवसांनंतरच्या भरपाईचे तत्त्व ठेवले आहे. चार महिने तुम्ही एक एसएमएस मिळवला नाहीत, म्हणून हे सगळे कागदावरच राहिले.

आता आकडा पाहा. तुम्ही भरले जीएसटीसह 6,477 रुपये, म्हणजे महिन्याला साधारण 540. जानेवारीतला तुमचा ईमेल ही पहिली लेखी नोंद. तिथून मेअखेरपर्यंतचे पाच महिने, सुमारे 2,700 रुपये, मागायला तुमची बाजू चांगली आहे. सप्टेंबर ते डिसेंबरचे सुमारे 2,160 रुपये मात्र पुराव्यावर लटकले आहेत. तो पुरावा असा जमवा: कंपनीच्या पोर्टलवरचा दरमहाचा डेटावापर (शून्य दिसला तर त्याहून चांगले काही नाही), लाइनमनच्या कॉलची यादी, त्याचे व्हॉट्सॲप संदेश. या नोंदींबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चे (इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे) प्रमाणपत्र जोडा, नाहीतर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हरकत घेईल. कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून तुमच्या भागातल्या केबलबिघाडाच्या नोंदी मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवे.

जोडणी अजून चालू दाखवत असतील तर आजच बिघाड नोंदवा, डॉकेट नंबर घ्या. मुदतीत काम झाले नाही तर 30 दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. शुल्क नाही, निकाल 39 दिवसांत अपेक्षित. जोडणी बंद करण्याचा अर्ज वेगळा आणि लेखी द्या, आणि मोडेम पोच घेऊनच परत करा. ती पावती नसली की अनामत रकमेतून मोडेमची किंमत कापली जाते.

एवढे करूनही नकार आला तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. जोडणी वडिलांच्या नावावर असल्याने तक्रारही त्यांच्याच नावाने करा, तुम्ही अधिकारपत्र घेऊन उभे राहा. तक्रारीत ‘परतावा नसल्याची अट अन्यायकारक म्हणून रद्द करा’ असे मागू नका. अन्यायकारक कराराचा वाद राज्य आयोगापुढे जातो आणि जिल्हा आयोगात तुमचा अर्ज अधिकारक्षेत्रावर अडकतो. फक्त ‘सेवेत त्रुटी, भाडे परत’ एवढेच म्हणा. टेलिफोनचे वाद ग्राहक मंचात चालत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्याच 2009 च्या कृष्णन निकालाच्या आधारे अजून काही कंपन्या लिहितात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अग्रवाल या प्रकरणात ती वाट मोकळी केली आहे. दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षे. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिले आहेत. ते कायद्यातच राहतात, वर्ष-दीड वर्ष धरून चाला.

यंदा पुन्हा वर्षाचे? तुमच्या लाइनवर नको. सवलत जीएसटीसह 589 रुपयांची. दरमहा भरले असते तर उरलेल्या पैशांवर बँकेत सुमारे दोनशे रुपये व्याज मिळाले असते, म्हणजे खरी बचत चारशेच्या आत. त्या बदल्यात तुम्ही बिल थांबवण्याचे एकमेव हत्यार वर्षभरासाठी त्यांच्या हाती देता. आगाऊ भरण्याचा कायदेशीर फायदा एकच: एकरकमी भरलेल्या मुदतीत दर वाढवता येत नाही. लाइन वर्षात चार-सहा दिवसांपेक्षा जास्त बंद पडत नसेल, घर वर्षभर सोडणार नसाल आणि पावतीवर ‘न वापरलेल्या महिन्यांचा प्रमाणशीर परतावा’ लिहून मिळत असेल तर खुशाल भरा. ‘वापरलेले महिने नियमित दराने’ असे लिहिले असेल, तर मध्येच सोडल्यास सवलत गेलीच समजा. तुमच्यासाठी फार तर तिमाही ठीक, तीही केबल जोडून मिळाल्यावर.