सद्गुण अंगी, जबाबदारी अंगावर

एका वाचकाने विचारलं आहे : 'वैयक्तिक जबाबदारी हा नैतिक सद्गुण आहे', असं मराठीत म्हणता येईल का?

मला तिथे 'जबाबदारी' हा शब्द खटकतो. तिच्याबरोबर येणारी क्रियापदं बघा. जबाबदारी येते, पडते, पेलावी लागते. कोणी झटकतं, कोणी दुसऱ्यावर ढकलतं. प्रामाणिकपणा कोणाला ढकलता येईल? सद्गुण अंगी असतो, जबाबदारी अंगावर असते.

व्युत्पत्तीही हेच सांगते. अरबी 'जवाब' आणि फारसी 'दार' : ज्याच्याकडे उत्तर मागायचं तो. 'जाब विचारणे' त्याच कुळातलं, पोलीस नोंदवतात तो जबाबही. 'उत्तरदायित्व' या संस्कृत घडणीच्या शब्दातही 'उत्तर' आहेच. उत्तर तर चांगल्या माणसालाही द्यावं लागतं आणि वाईटालाही.

खरी गंमत 'जबाबदार' या विशेषणात आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटलं, पुण्यात पूर आला, आणि पुराला जबाबदार कोण हा प्रश्न उभा राहिला. यातला 'ला' महत्त्वाचा. तो लागला की निर्जीव वस्तूही जबाबदार ठरते : अपघाताला खड्डा जबाबदार. आता 'ला' काढून टाका. 'खड्डा जबाबदार आहे' हे अर्धवट वाटतं, 'मुलगी जबाबदार आहे' हे पुरं वाटतं. हा दुसरा 'जबाबदार' म्हणजे गुण, आणि त्याचं नाम 'जबाबदारपणा'. म्हणून मी 'जबाबदारपणा हा सद्गुण आहे' असं लिहीन. 'बेजबाबदारपणा' आपण दिवसातून चारदा म्हणतो आणि 'जबाबदारपणा' मात्र क्वचित कानावर येतो, याचं मला वाईट वाटतं.

'वैयक्तिक' तर नकोच. वैयक्तिक जबाबदारी म्हणजे स्वतःची जबाबदारी, आणि ती पाटीवर भेटते. 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत' ही पाटी पुण्यात जागोजागी दिसते. तिथे पाटी लावणाऱ्याने अंग काढून घेतलेलं असतं, एवढंच.

परवा कोथरूडला बहिणीकडे होतो. स्वयंपाकघरातून आवाज आला आणि सातवीतली भाची बाहेर आली. "आई, लोणच्याची बरणी फुटली." क्षणभर थांबली, हाताला लागलेला खार फ्रॉकला पुसला आणि म्हणाली, "माझ्या हातून फुटली."

तोवर तिला कोणीही जाब विचारला नव्हता.