मेल पाठवला, पण पोचला का?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या मेलिंग लिस्टबद्दल आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : रामबागेतल्या आमच्या वाचनमंडळाची मेलिंग लिस्ट आहे. माझं खातं जीमेलचं. मी लिस्टवर काही पाठवलं की इतरांना मिळतं, मला मात्र ते परत येत नाही. गेला नसेल असं वाटून मी पुन्हा पाठवतो आणि मग लोक रागावतात.

उत्तर : पहिलाच मेल गेलेला असतो, दुसऱ्यांदा पाठवू नका. प्रत्येक मेलला पाठवतानाच एक ओळखक्रमांक मिळतो, त्याला मेसेज-आयडी म्हणतात. लिस्टकडून तोच मेल तुमच्याकडे परत येतो तेव्हा त्याच क्रमांकाची प्रत तुमच्या ‘सेंट’मध्ये आधीच आहे हे जीमेलला दिसतं, म्हणून दुसरी प्रत ते इनबॉक्समध्ये दाखवत नाही. कोणी उत्तर दिलं की ते संभाषण वर येतं आणि त्यात तुमचा मजकूरही दिसतो. लिस्टच्या सेटिंगमध्ये ‘स्वतःचे मेल मिळावेत’ यावर खूण केली तरी जीमेलपुढे तिचा उपयोग होत नाही.

खात्री हवी असेल तर दोन मार्ग आहेत. लिस्ट मेलमॅनवर (लिस्ट चालवण्याचं एक सॉफ्टवेअर) चालत असेल तर तुमच्या सभासद-पानावर पोच मिळण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. प्रत्येक मेलमागे छोटीशी पोच येईल. नाहीतर लिस्टचा संग्रह ब्राउझरमध्ये उघडून पाहा. तिथे मेल दिसला म्हणजे लिस्टनं तो स्वीकारला.

प्रश्न : आमच्या लिस्टवर १४० जण आहेत. एक ज्येष्ठ सभासद याहूच्या पत्त्यावरून लिहितात. गणेशोत्सवाच्या तयारीत ते रोज काही ना काही लिहायला लागले आणि आठवड्याभरात जीमेलवाल्या बऱ्याच सभासदांना लिस्टचे मेल येणंच थांबलं. त्यांच्या संगणकात व्हायरस आहे असं काही जण म्हणतात. त्यांना लिस्टवरून काढावं का?

उत्तर : कृपा करून काढू नका. त्यांची काहीही चूक नाही, आणि व्हायरसचाही इथे संबंध नाही. हा प्रश्न तीन पत्रांत आला आहे, म्हणून जरा सविस्तर.

एप्रिल २०१४ मध्ये याहूनं एक नियम जाहीर केला. पाठवणारा म्हणून याहूचा पत्ता असलेला मेल याहूकडूनच आल्याचं सिद्ध होत नसेल, तर तो थेट नाकारा, असं त्यांनी जगभरच्या मेलसेवांना सांगितलं. त्याच महिन्यात एओएल या मेलसेवेनंही तेच केलं. या जाहीरनाम्याला डीमार्क म्हणतात. सिद्ध करण्याच्या वाटा दोन. एसपीएफमध्ये मेल कोणत्या सर्व्हरवरून आला हे पाहतात. डीकिममध्ये मेलवरची डिजिटल सही शाबूत आहे का हे पाहतात.

आता तुमची लिस्ट काय करते ते बघा. तुमच्या याहूवाल्या काकांचा मेल ती स्वतःच्या सर्व्हरवरून पुढे पाठवते, म्हणजे एसपीएफची वाट बंद. विषयाच्या आधी कंसात मंडळाचं नाव घालते आणि खाली ‘लिस्ट सोडायची असल्यास...’ ही ओळ चिकटवते. मजकूर बदलला की सही मोडते, म्हणजे डीकिमचीही वाट बंद. पाठवणारा म्हणून नाव मात्र अजून याहूचंच. जीमेल हा मेल ‘५५०, ५.७.२६’, म्हणजे ओळख पटली नाही, असा शेरा मारून परत पाठवतं.

खरं नुकसान यापुढे होतं. मेल परत आला की लिस्टला वाटतं, घेणाऱ्याचाच पत्ता बिघडला आहे. मेलमॅन अशा सभासदाच्या नावावर दिवसाला जास्तीत जास्त एक गुण चढवतो. मूळ सेटिंगप्रमाणे पाच गुण झाले की त्या सभासदाचे मेल बंद. सात दिवस काही परत आलं नाही तर खातं पुन्हा शून्यापासून सुरू होतं. म्हणूनच एरवी महिन्यातून एकदा लिहिणाऱ्या काकांमुळे काही बिघडत नाही आणि गणपतीच्या धामधुमीत ते सलग लिहितात तेव्हा निम्मी लिस्ट गप्प होते.

इलाज असा. मेलमॅन २.१.१८ किंवा त्यानंतरचा असेल तर व्यवस्थापन पानावर ‘प्रायव्हसी ऑप्शन्स’, त्यात ‘सेंडर फिल्टर्स’ उघडा. तिथे डीमार्कसंबंधीच्या कृतीसाठी ‘मंज फ्रॉम’ निवडा. मेलमॅन ३ असेल तर ‘डीमार्क मिटिगेशन्स’मध्ये पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचा पत्ता टाकण्याचा पर्याय आहे. यानंतर काकांचा मेल ‘अमुक व्हाया वाचनमंडळ’ अशा नावानं, लिस्टच्या पत्त्यावरून जाईल. गूगल ग्रुप्स ही गूगलची लिस्ट-सेवा असेल तर ती अशा पत्त्यांबाबत हा बदल आपणहून करते.

एवढं करून थांबू नका. बंद झालेले सभासद आपोआप परत चालू होत नाहीत. सभासदांच्या यादीत ‘नोमेल’च्या रकान्यात खुणेशेजारी इंग्रजी ‘बी’ अक्षर दिसेल तिथली खूण काढा. हे ‘बी’ म्हणजे मेल परत आल्यामुळे बंद. ‘यू’ असेल तर सभासदानं स्वतः बंद केलं आहे, त्याला हात लावू नका. ही यादी दर महिन्याला एकदा डोळ्यांखालून घालावी असा आमचा आग्रह आहे. सत्तरीतला माणूस लिस्टवरून गळला तर तो तक्रार करत नाही, मंडळानं आपल्याला कळवणं सोडलं असं समजून गप्प बसतो. त्याला फोन करणं हे लिस्ट चालवणाऱ्याचंच काम आहे.

प्रश्न : देवासहून पाठवलेली मराठी सूचना इंदूरच्या सभासदांना अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसते. आमच्या पडद्यावर मात्र ती स्वच्छ मराठीत आहे.

उत्तर : सूचना कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली दिसते. मध्य प्रदेशातल्या छपाईच्या दुकानांत आणि टंकलेखन शिकलेल्यांकडे हा फॉन्ट अजून सर्रास वापरात आहे. कृतिदेवमध्ये ‘सूचना’ लिहिताना संगणक प्रत्यक्षात एल, डब्ल्यू, पी, यू, के ही पाच इंग्रजी अक्षरं साठवतो आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. मेलमध्ये फॉन्ट जात नाही, अक्षरं तेवढी जातात. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टचंही असंच होतं.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत हवा. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो, मोबाइलवर गूगलचा जीबोर्ड कळफलक पुरतो. जुना मजकूर कन्व्हर्टरनं बदलता येतो, पण हे कन्व्हर्टर बहुधा हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. म्हणून बदलल्यावर ‘ळ’, ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ असलेले शब्द एकेक करून तपासा.

प्रश्न : संक्रांतीच्या तिळगूळ समारंभाचं निमंत्रण जीमेलवरून ६२० जणांना बीसीसी करून पाठवत होते. मर्यादा संपल्याचा संदेश आला आणि आता साधा मेलही जात नाही. खातं बंद झालं का?

उत्तर : खातं शाबूत आहे, मेल वाचताही येतील. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल पाठवता येतो. त्यापुढे गेलं की एक तास ते चोवीस तास पाठवणं थांबतं. तोवर पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसू नका. पत्ते दोन दिवसांत विभागून पाठवा, ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता आणि बाकी सगळे बीसीसीत. चुकूनही सीसीत नको, नाहीतर ६२० जणांचे मेलपत्ते एकमेकांच्या हाती जातात.

दरवर्षी हेच करायचं असेल तर गूगल ग्रुप काढा. निमंत्रण एकाच पत्त्यावर जातं. पाठवण्याचा अधिकार फक्त चालकांना ठेवा, म्हणजे ‘आम्ही येतोय’ची उत्तरं सगळ्यांच्या डोक्यावर आदळणार नाहीत. मात्र ग्रुप असो वा लिस्ट, तिचा पत्ता ‘टू’मध्येच घाला. मेलमॅनच्या लिस्टला बीसीसीतून लिहिलं तर आपला पत्ता समोर दिसत नाही म्हणून ती मेल अडकवून ठेवते.

प्रश्न : लिस्टचे मेल स्पॅममध्ये जातात. ‘नॉट स्पॅम’ दाबून दाबून थकले.

उत्तर : जीमेलमध्ये लिस्टचा एखादा मेल उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांमधून ‘फिल्टर मेसेजेस लाइक धिस’ घ्या. ‘हॅज द वर्ड्स’च्या चौकटीत लिस्टची ओळख आपोआप भरलेली दिसेल, तिला धक्का लावू नका. पुढच्या पायरीवर ‘नेव्हर सेंड इट टु स्पॅम’वर खूण करा. पाठवणाऱ्या माणसाच्या नावानं फिल्टर केलं तर फक्त त्या एकाचेच मेल सुटतात, म्हणून हा मार्ग. आउटलुक डॉट कॉमवर जंक ईमेलच्या सेटिंगमध्ये ‘सेफ मेलिंग लिस्ट्स’ असा वेगळा रकाना आहे, त्यात लिस्टचा पत्ता घाला. स्पॅममधला मेल जीमेलमध्ये ३० दिवसांनी पुसला जातो, तेव्हा जुनं काही हवं असेल तर आजच बाहेर काढा.

आणि सर्वांना विनंती : लिस्ट नकोशी झाली तर खालच्या दुव्यावरून सोडा, ‘स्पॅम’ दाबू नका. तुमच्या एका बटणानं लिस्टची पत घटते आणि शेजाऱ्याचाही मेल स्पॅममध्ये जाऊ लागतो.

प्रश्न : २१ एमबीची स्मरणिका पाठवली, जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, तरी कित्येकांकडून परत आली.

उत्तर : जोडलेली फाइल मेलमधून जाताना अक्षरांत बदलली जाते आणि दर तीन बाइटचे चार होतात. तुमची २१ एमबीची स्मरणिका वाटेत २८ची झाली. मेलमॅनवर तर मूळ मर्यादा अवघी ४० केबी आहे, त्यामुळे सहीखालचं छोटं चित्रसुद्धा मेल अडकवतं. स्मरणिका गूगल ड्राइव्हवर ठेवा, ‘दुवा असलेल्या कोणालाही पाहता येईल’ असं निवडा आणि मेलमध्ये दुवा द्या.

प्रश्न : मी सभासद आहे, मला मेल येतात. पण मी लिहिलं की ‘तुम्ही सभासद नाही’ म्हणून माझा मेल अडतो.

उत्तर : नोंदणीचा पत्ता आणि लिहिण्याचा पत्ता अक्षरशः एक आहे का ते पाहा. जीमेलच्या नावातला ठिपका असला काय, नसला काय, जीमेलला सारखंच. लिस्टला मात्र ते दोन वेगळे पत्ते वाटतात. नोंदणी ठिपक्यासह झाली आणि तुम्ही ठिपक्याविना लिहिता, एवढंच कारण पुरतं. आलेल्या मेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून तो नेमका कोणत्या पत्त्यावर आला ते शोधा आणि चालकांना तुमच्या नेहमीच्या पत्त्याची नोंद करायला सांगा.