मुलगी तिसरीत आहे. शाळेत कॉम्प्युटरच्या नुसत्या व्याख्या पाठ करून घेतात. कोडिंगचा ऑनलाइन क्लास लावू का?

सध्या नको. क्लासवाल्यांनी ‘आत्ता लावलं नाही तर मूल मागे पडेल’ म्हणून घाबरवलं असेलच, पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यात ठेवलंय. मात्र ‘माउस हे इनपुट उपकरण आहे’ घोकून काही येत नाही, हे तुमचं म्हणणं खरं.

मी कोथरूडच्या एका मराठी शाळेत प्राथमिकच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते. वर्षाच्या सुरुवातीला आमचे तास व्हरांड्यातल्या शहाबादी फरश्यांवरच होतात. एक मूल रोबो, दुसरं त्याला पाण्याच्या टाकीपर्यंत नेणार. ‘दोन फरश्या पुढे. आता डावीकडे.’ रोबो तोंड समोर ठेवूनच डावीकडे एक फरशी सरकतो. सांगणाऱ्याला तो वळायला हवा असतो. मग जुंपते. ‘अरे, तुला कळत नाही का!’ नाहीच कळत, रोबो आहे तो. दोघं समोरासमोर उभे असले की डावी बाजू कुणाची, यावरून दुसरा तंटा. शेवटी मुलं आपणहून ठरवतात: ‘वळ’ वेगळं, ‘चाल’ वेगळं, आणि डावं-उजवं रोबोचं. लोगो ही मुलांसाठीची कोडिंगची भाषा १९६७ साली आली. तिच्यातलं कासवही पुढे मुलं अशाच आज्ञा देऊन चालवायची.

हे जमलं की टॅबवर स्क्रॅचज्युनिअर हे लहान मुलांसाठीचं कोडिंगचं ॲप द्या. फुकट आहे आणि त्यात वाचावं लागत नाही, चित्रांचे ठोकळे जोडायचे. वळण्याचा ठोकळा १२ वेळा चालवला की पात्राची पूर्ण गिरकी होते; घड्याळ शिकलेल्या मुलांना ते लगेच पटतं. मोठ्या स्क्रॅचमध्ये अंश येतात, आणि तिसरीत कोन कुठे झालेले असतात? तिकडे वर्षभराने गेलं तरी चालेल.

मला जास्त काळजी वेगळीच वाटते. फोन सराईतपणे चालवणारी मुलं मॉनिटरवर बोट आपटतात, आणि काढलेलं चित्र पुढच्या तासाला त्यांना सापडत नाही. फाइलला नाव देणं, फोल्डरमध्ये ठेवणं, परत शोधून काढणं हे घरी करून घ्या. मराठी टायपिंगही आत्ताच सुरू करा, इनस्क्रिप्ट या मराठी अक्षरांच्या कीबोर्डवर. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. क च्या बटणावर शिफ्ट दाबलं की ख, ग वर घ, त वर थ. वर्णमाला ताजी असलेल्या पोरांना यात काही अवघड वाटत नाही. अवघड आपल्याला जातं, कारण आपण ‘केएच’ दाबून ख काढायला शिकलो.

आणि एक. आजीच्या फोनवर ओटीपी आला की चष्मा शोधण्यापेक्षा ती नातीलाच वाचायला सांगते. म्हणजे ओटीपी काय असतो, हे आजीइतकंच नातीलाही माहीत हवं. फोनवरचा माणूस मागत असेल तर वाचायचा नाही, फोन ठेवायचा आणि आईला सांगायचं. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच तक्रार करता येते. तो नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.