मेंटेनरने (ॲप सांभाळणाऱ्याने) ॲप थांबवलं, आता डेटाचं काय?

प्रश्न : लॉगिनसाठी दुसऱ्या टप्प्याचे कोड देणाऱ्या अँडओटीपी या अँड्रॉइड ॲपचा विकास २०२२ मध्ये थांबला. ॲप अजून चालतंय, त्यात पस्तीसेक खाती आहेत. नव्या फोनवर कशी न्यायची?

चालतंय तोवरच हलवा. अँडओटीपीच्या बॅकअप मेनूतून पासवर्ड घातलेली फाइल काढा. बिनपासवर्डची जेसन फाइलही निघते, पण त्यात कोड ज्यांवरून बनतात त्या सगळ्या गुप्त किल्ल्या साध्या अक्षरांत लिहिलेल्या असतात. फोनचे फोल्डर क्लाउडवर आपोआप चढत असतील, तर ती फाइल तुमच्या नकळत तिकडे जाऊन बसते. नव्या फोनवर एजिस हे तसंच कोड देणारं ॲप टाका, आयातीच्या यादीत अँडओटीपी निवडा, फाइल दाखवा, पासवर्ड द्या.

खरं काम यानंतर. दोन्ही फोन शेजारी ठेवा आणि प्रत्येक खात्याचा कोड ताडून पाहा. ३० सेकंदांत आकडे बदलतात, म्हणून बदल झाल्या झाल्या सुरुवात करा. सगळेच कोड वेगळे येत असतील, तर एका फोनचं घड्याळ चुकलंय. तारीख-वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू करा. एखादाच वेगळा असेल, तर त्या नोंदीत अंकांची संख्या, कालावधी किंवा अल्गोरिदम (कोड काढायची गणिती रीत) नेहमीचा नसणार (नेहमीचा म्हणजे ६ अंक, ३० सेकंद, शा-१). ते तिन्ही रकाने जुन्या ॲपमध्ये बघून जुळवा. महत्त्वाच्या खात्यांत नव्या कोडने एकदा लॉगिन करून पाहा, मगच जुनं ॲप काढा.

रूट केलेल्या (सिस्टिमचे सगळे अधिकार मिळवलेल्या) फोनवरून ॲपचं आतलं फोल्डर उचलून नव्या फोनवर टाकायचा मोह होतो. त्यातला डेटाबेस अँड्रॉइडच्या कीस्टोअरने (फोनमधल्या किल्ल्यांच्या तिजोरीने) कुलूपबंद असेल, तर त्याची किल्ली त्या फोनबाहेर येतच नाही. हाती येते फक्त न उघडणारी फाइल.

प्रश्न : बंद पडलेल्या ॲपचा फोर्क (त्याच्याच कोडवरून दुसऱ्याने पुढे चालवलेली आवृत्ती) जुन्यावर टाकायला गेलो, तर पॅकेज जुळत नसल्याचा संदेश येतो. जुनं अनइन्स्टॉल करू का?

थांबा! अनइन्स्टॉल केलंत की ॲपच्या खासगी जागेतला डेटा त्याच क्षणी गेला.

जुन्या ॲपवर नवी आवृत्ती बसवायची, तर दोन्हींवर ॲप बनवणाऱ्याच्या एकाच गुप्त किल्लीची डिजिटल सही असावी लागते. फोर्क करणाऱ्याकडे मूळ किल्ली नसते. गंमत म्हणजे फोर्क नसतानाही असं होतं : एफ-ड्रॉइड हे मुक्त ॲप्सचं दुकान बऱ्याच ॲप्सवर स्वतःची सही करतं, म्हणून गिटहबवरची (जिथे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइटवरची) त्याच ॲपची फाइल एफ-ड्रॉइडच्या प्रतीवर बसत नाही. शहाणे फोर्क पॅकेजचं नावच बदलतात, मग दोन्ही ॲप्स शेजारी-शेजारी राहतात. तसं नसेल, तर आधी ॲपच्या आतून एक्स्पोर्ट करा, फाइल संगणकावर उघडून ती रिकामी नाही ना हे बघा, आणि मगच जुनं काढा.

याची उलटी बाजूही ध्यानात असू द्या. सही किल्लीची असते, माणसाची नाही. सिंपल मोबाइल टूल्स या गॅलरी, कॅलेंडर वगैरे साध्या ॲप्सच्या संचातली ॲप्स २०२३ च्या अखेरीला विकली गेली. अशा व्यवहारात किल्लीही नव्या मालकाकडे गेली, तर पुढचं अपडेट जुन्यावर बिनबोभाट बसतं. म्हणून हस्तांतराची बातमी आली की त्या ॲपचं ऑटो-अपडेट आधी बंद करा. त्या ॲप्सचे मुक्त फोर्क आता फॉसिफाय नावाने मिळतात.

प्रश्न : फोन-संगणकातले फोल्डर एकसारखे ठेवणाऱ्या सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीनंतर थांबलं. फोर्कवर जाताना फायली उडतील का?

घाई केलीत तर उडू शकतात. जुन्या ॲपमधून कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट करा, ते ॲप पूर्ण थांबवा, मग फोर्कमध्ये आयात करा. दोन्ही एकाच वेळी चालवू नका. एकाच ओळखीची दोन उपकरणं उभी राहतात आणि पोर्टसाठी (नेटवर्कवरच्या एकाच दारासाठी) भांडतात. फोर्कला फायलींची परवानगी नव्याने द्यावी लागते.

आयात जमली नाही तरी बिघडत नाही. फोल्डर नव्याने जोडताना फोल्डर आयडी तोच द्या आणि जुनीच जागा दाखवा. पहिल्या तपासणीला वेळ लागतो, पण जुळणाऱ्या फायली पुन्हा उतरत नाहीत.

फोल्डर मार्कर सापडत नसल्याची चूक दिसली, तर मात्र हात आवरा. फोल्डरमध्ये ‘.एसटीफोल्डर’ (.stfolder) नावाची खूण, म्हणजेच हा मार्कर, असते. ती दिसत नाही म्हणजे बहुधा जागा चुकलीय किंवा मेमरी कार्ड जोडलेलं नाही. पुष्कळ जण ती खूण हाताने तयार करून मोकळे होतात. मग सिंकथिंग रिकामं फोल्डर खरं मानतं, फायली पुसल्या गेल्या असं समजतं आणि तसंच इतर उपकरणांना कळवतं. आधी जागा दुरुस्त करा. आणि संगणकाच्या बाजूला त्या फोल्डरचं फाइल व्हर्जनिंग (बदललेल्या-पुसलेल्या फायलींच्या जुन्या प्रती ठेवण्याची सोय) आजच चालू करा.

प्रश्न : बंद पडलेलं ॲप किती दिवस वापरता येईल?

इंटरनेटला हात न लावणारं, म्हणजे होकायंत्र किंवा नोंदवही, खुशाल वापरा. ब्राउझर किंवा मेल असेल तर लगेच बदला. अँड्रॉइड १४ पासून अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या आवृत्तीसाठी बांधलेली ॲप्स नव्याने बसत नाहीत. आधीपासून असलेली अपग्रेडनंतर टिकतात. काही नव्या फोनवर ३२-बिट ॲप्स चालतच नाहीत. तोवर एपीके फाइल (ॲप बसवायची फाइल) आणि सोर्स कोड, दोन्ही संगणकावर उतरवून ठेवा.